युरेनियम, वाल आणि दोन बरण्या

माझ्या एका जुन्या वहीत अजून ते पान आहे. मथळा आहे ‘आईंना समजावणे’. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मथळ्याखाली सात मुद्दे आहेत आणि पाचव्या मुद्द्यावर लाल शाईची फुली. मला याद्या करायची सवय आहे, आणि यादीतल्या मुद्द्यावर फुली मारावी लागली की तो दिवस मी विसरत नाही.

तेव्हा मी खाडीपलीकडच्या अणुकेंद्रात नोकरीला होते. पेणहून एसटीने पनवेल आणि पुढे ऑफिसची बस. हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा, काम पाण्यावर लक्ष ठेवण्याचं. अणुभट्टीतलं इंधन म्हणजे युरेनियम धातूच्या कांड्या, प्रत्येक कांडीवर अ‍ॅल्युमिनियमचं घट्ट कवच. वापरून झालेल्या कांड्या बाहेर काढल्या की त्या आतून तापलेल्या असतात आणि त्यांच्यातून घातक किरण निघत असतात. म्हणून त्या खोल टाकीत, पाण्याच्या तळाशी ठेवतात. पाणी त्यांना थंड करतं आणि किरणही अडवतं. टाकीच्या कठड्याशी उभं राहून आम्ही रोज काम करायचो. पाणी इतकं नितळ, की तळाची कांडी हाताशी आल्यासारखी वाटायची.

लेक झाली, बाळंतपणाची रजा संपली, आणि मी बिनपगारी रजा वाढवून घेतली. रुजू होण्याची शेवटची तारीख श्रावणाच्या अखेरीला पडत होती. नवरा डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला, म्हणजे घरात असला तरी झोपलेला. तेव्हा लेकीला दिवसभर सांभाळणार कोण, या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते ओसरीवर बसून सुपारी कातरत होतं.

सासूबाईंना नातीचं करण्याचा कंटाळा नव्हता. त्यांचा आक्षेप माझ्या टाकीवर होता. त्या खारेपाटातल्या, मिठागरावर वाढलेल्या. त्यांच्या वडिलांचं फावडं दर दोन पावसाळ्यांनी नवं घ्यावं लागे, आणि बांधावरच्या उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवायच्या दाराची, लोखंडी झडप त्यांच्या डोळ्यांदेखत चाळणीसारखी झाली होती. त्यांचा सिद्धांत सरळ होता.

“पानी धातूला खातं. आज नाय तर उद्या. आनि तू त्या पान्याच्या काठाला उभी राहतेस.”

मी यादी काढून बसले. सांगितलं ते असं. युरेनियमला पाणी मानवत नाही हे खरं आहे. उघडा पडला तर तो धातू पाणी फोडून त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याची काळी भुकटी होते आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. पाणी कितीही चोख असलं तरी हे होतंच. म्हणून तर कवच. कवच धड आहे तोवर युरेनियमची आणि पाण्याची भेटच होत नाही.

“म्हंजे चोख पानीसुद्धा खातं तर,” त्या म्हणाल्या. सात मुद्द्यांतला नेमका हाच त्यांनी उचलला.

मग मी तोंडी समजावणं बंद केलं आणि वाल काढले. आमच्याकडे कडवे वाल घरात नाहीत असा दिवस नसतो. अ‍ॅल्युमिनियमची एक घट्ट झाकणाची डबी कोरड्या वालांनी गच्च भरली, झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडलं, डबी दोऱ्याने आवळली आणि बादलीत बुडवली. सासूबाईंना सांगितलं, डबी म्हणजे कवच, वाल म्हणजे युरेनियम. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण एका बाजूने उचकटलं होतं, दोरा रुतला होता, आणि फटीतून टपोरे वाल डोकावत होते. युरेनियमचं असंच होतं, मी म्हटलं. त्याची भुकटी मूळ धातूच्या जवळजवळ दुप्पट जागा मागते. एक सुईएवढं भोक पडलं की आतला माल फुगतो, फट रुंद करतो, आणखी पाणी आत येतं, आणखी फुगतो. त्यातही खोड अशी, की टाकीतल्या मोकळ्या पाण्यात हे सावकाश चालतं, कारण त्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि तो लगाम घालतो. पण फटीत कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला, की आत ते झपाट्याने वाढतं. वर काही दिसत नाही आणि आत सगळं पोखरून होतं.

सासूबाईंनी डबी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मला वाटलं, मुद्दा पोचला.

“चांगले भिजलेत,” त्या म्हणाल्या, आणि वाल फडक्यात बांधून मोड आणायला टांगले. दोन दिवसांनी माझा पुरावा आम्ही बिरडं करून जेवलो. नवऱ्याने दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, अणुशक्तीचं आणखी काही शिल्लक आहे का.

तरी एक गोष्ट ठरली. भांडण आता कवचापुरतं उरलं. माझं म्हणणं असं, की कवचाला पाणी खात नाही, पाण्यातलं मीठ खातं. अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप एक पातळ साय धरते, आणि तीच त्याला राखते. मीठ त्या सायीला ठिकठिकाणी टोचतं आणि मग तिथे खड्डा पडतो. म्हणून टाकीचं पाणी सतत गाळून त्यातले क्षार काढायचे, आणि त्याच पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या पट्ट्या दोऱ्याने टांगून ठेवायच्या. त्या अधूनमधून वर काढून, पुसून, भिंगाखाली बघायच्या. पट्टीवर खड्डा दिसला तर समजायचं, कवचांवरही संकट आहे. या पट्ट्या बघणं हेच माझं काम. सासूबाई म्हणाल्या, मिठाबिठाचं मला शिकवू नको.

मग पैज लागली. दोन काचेच्या बरण्या, दोन सारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. एका बरणीत खारेपाटातल्या विहिरीचं मचूळ पाणी, दुसरीत बॅटरीवाल्याकडचं चोख, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी. शिमग्याला सुरुवात, श्रावणात निकाल. चोख बरणीतल्या पट्टीला तोपर्यंत भोक पडलं नाही, तर लेकीला सासूबाई सांभाळणार आणि मी कामावर जाणार. पडलं, तर मी राजीनामा द्यायचा. हा वहीतला पाचवा मुद्दा: ‘पट्टी दाखवून सिद्ध करणे’. पंच म्हणून सासूबाईंची थोरली बहीण ठरली, रोह्याची मावशी.

मावशीबद्दल मला तेव्हाही शंका होती. तीही मिठागरावरचीच, लग्न होऊन रोह्याला गेलेली. महिन्यातून एकदा पेणला यायची, बरण्यांपुढे पाट मांडून बसायची आणि माझ्याकडे न बघता बोलायची. पोरीचं दूध तुटलं की काय हो, किती वाळली. आमच्या शेजारच्या सुनेने नोकरी सोडली, कशी गुटगुटीत झाली. पाण्याची राखण करायला सरकारला माणूस मिळत नाही म्हणून आमच्या घरातला नेतात. मी ऐकून घ्यायचे आणि वहीत लिहायचे: ‘मावशी आल्या. पट्टी क्रमांक दोन स्वच्छ.’

सासूबाई मात्र बरण्यांची काळजी घेत होत्या, हे मान्य केलं पाहिजे. फडताळावर धूळ बसू देत नव्हत्या. चोख बरणीच्या तोंडावर त्यांनी मलमलचा तुकडा बांधला, का तर पाल पडू नये. दर शनिवारी मी आटलेलं पाणी भरायला जाई तेव्हा बरणी पुसून ठेवलेली असे. मला वाटायचं, प्रतिस्पर्धी असावा तर असा.

आणि श्रावणात, तारखेला आठ दिवस उरले असताना, चोख बरणीतल्या पट्टीवर पांढरा कापूस दिसला. धातूवरचा तो कापूस मी ऑफिसातल्या फोटोंत शंभरदा पाहिला होता. नखाने खरवडला. खाली खड्डे. एक नाही, पाच, आणि पट्टीच्या कडेजवळ एक तर आरपार. उजेडाकडे धरली तर त्यातून परसातली केळ दिसत होती.

आठ दिवसांत राजीनामा, तोही स्वतःच मांडलेल्या प्रयोगामुळे. नवरा म्हणाला, बघ, पाणी खातंच. मी त्याला झोपायला पाठवलं.

मग कामाला लागले. पेणच्या कॉलेजात एक ओळखीच्या बाई होत्या. त्यांच्याकडे बरणीतलं वाटीभर पाणी नेलं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. दह्यासारखा पांढरा साका धरला. मीठ. आणि थोडंथोडकं नाही.

संशयितांची यादी केली. बॅटरीवाला: त्याचं बंद बाटलीतलं पाणी तपासलं, साका धरेना. सुटला. दोरा: नायलॉनचा, धुतलेला. सुटला. नवरा: इतके कष्ट घेणार नाही. सुटला. लेक: अजून रांगत होती आणि फडताळ उंच. उरली मावशी. मिठागरावरची, दर महिन्याला बरणीपुढे बसणारी, आणि निकाल कोणत्या बाजूने लागावा हे पाचही महिने बोलून दाखवणारी. सासूबाईंचं नाव मी लिहिलंसुद्धा नाही. बरणीला मलमल बांधणारी बाई बरणीत मीठ कशाला टाकेल?

त्याच रविवारी मावशीने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी बरणी घेतली, झाकण लावलं, कापडी पिशवीत उभी ठेवली आणि पॅसेंजरमध्ये लेकीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन त्यांच्या शेजारी बसले. सासूबाईंनी विचारलं, बरणी कशाला? मी म्हटलं, पंचांना दाखवायला. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. नागोठण्याला चढलेल्या एका बाईने पिशवीत डोकावून विचारलं, लोणचं का हो? मी म्हटलं, हो, मुरलंय. निडीला गाडी क्रॉसिंगसाठी बराच वेळ थांबली, आणि तेवढ्यात मी मावशीला विचारायच्या प्रश्नांची क्रमवार उजळणी केली. नऊ प्रश्न होते. सासूबाई एरवी निडीला भेळ मागतात. त्या दिवशी मागितली नाही. हे मी टिपायला हवं होतं.

रोह्याला पोचल्यावर मी जेवणाआधीच बरणी मावशीपुढे ठेवली आणि पट्टी वर काढली. मावशीने भोकात डोळा लावला आणि खूश होऊन म्हणाली, हरलीस गो. मी म्हटलं, पाणी तपासून आणलंय, त्यात मीठ आहे, आणि ते कोणीतरी टाकलंय. पहिला प्रश्न विचारायची वेळच आली नाही. मावशीला डोळ्यांतलं समजतं.

“माज्यावर आळ घेतेस व्हय?” असं म्हणून तिने बरणीत बोट बुडवलं आणि मी हात धरायच्या आत तोंडात घातलं.

तोंडातल्या तोंडात तिने ते पाणी फिरवलं. मग उठून आत गेली, आपल्या मडक्यातलं जाडं मीठ पाण्यात विरघळवून वाटी आणली आणि मला दोन्ही चाखायला लावली. मी घाबरत चाखली. तिच्या वाटीतलं पाणी खारट होतं आणि मागून जिभेवर कडू होत जाई. बरणीतलं नुसतं खारट.

“आगराचं मीठ मागनं कडवट लागतं,” मावशी म्हणाली. “ह्ये पुडीतलं हाय. माज्या घरात पुडीचं मीठ येत नाय. कुनाच्या येतं?”

आमच्या. मीच आग्रहाने सुरू केलं होतं, आयोडीनसाठी. तीही एक यादी होती.

दोघींनी एकदम सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“मीच टाकलं,” त्या म्हणाल्या. “दर शनवारी. पोरीची दृष्ट काढून.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दर शनिवारी नातीवरून मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या उतरवत. पूर्वी हे चुलीतल्या निखाऱ्यावर जाई, तडतडे, संपे. घरात गॅस आला तेव्हा मी भिंतीवर सूचना लावल्या होत्या, त्यात तिसरी अशी: ‘बर्नरवर मीठ टाकू नये, भोकं बुजतात.’ मोहऱ्या-मिरच्या त्या तव्यात जाळू लागल्या. पण मिठाचं काय? अंगणात टाकावं तर कुणाच्या पायाखाली येईल. मोरीत सोडावं तर मोरीचं पाणी शेजारणीच्या दारावरून जातं, आणि दुसऱ्याच्या दारात दृष्ट सोडणं हे काही माणसाचं काम नव्हे. त्या अडचणीत होत्या, आणि तेव्हाच मी त्यांना पाठ करून घेतल्यासारखं सांगत होते, की आमच्या टाकीचं पाणी सगळं वाईट स्वतःपाशी अडवून धरतं, काठावरच्या माणसाला काही लागू देत नाही.

“किरन अडवतं तर दृष्ट नाय अडवनार?” सासूबाईंनी मला विचारलं. माझ्या सातही मुद्द्यांत दृष्ट कुठेच नव्हती.

मावशीने विचारलं, मग खाऱ्या बरणीत का नाही टाकलं? सासूबाई म्हणाल्या, त्यात आधीच मीठ होतं, चोख पाण्यात जागा जास्त. आणि मलमल? ती दृष्ट बाहेर येऊ नये म्हणून. पालीचं मला सांगायला. आणि मीठ पैजेवर जाईल हे डोक्यातही आलं नव्हतं त्यांच्या. ते साधं मीठ थोडंच होतं, उतरवलेलं होतं. गाडीत त्यांना धास्ती होती ती एवढीच, की नातीची दृष्ट बरणीतून बहिणीच्या घरी निघाली आहे. मी वहीत लिहायचं सोडून दिलं.

पैजेचा प्रश्न मात्र तसाच होता. मी म्हटलं, प्रयोगच बाद, चोख पाणी चोख राहिलंच नाही. मावशी पंच होती आणि पंचासारखी वागली. अट पट्टीची ठरली होती, कारणाची नव्हती, असं ती म्हणाली. पट्टीला भोक आहे. जेवायला बसा.

आम्ही पानावर बसलो. वालाचंच बिरडं होतं. सासूबाईंनी अर्ध्या जेवणात पट्टी मागून घेतली, डाव्या हातात धरली आणि उलटसुलट करून पाहिली.

“दर शनवारी चिमूटभरच टाकत होते,” त्या म्हणाल्या. “येवढ्याशानं येवढी भोकं? मंग तिथं तुमच्या टाकीत कुनी टाकलं तर?”

मी सांगितलं, कोणी टाकायला नको. केंद्र खाडीकाठीच आहे, वारा खारा. माणसाचा घाम आहे, धूळ आहे. गाळण्या थकतात. मीठ यायला बघतच असतं.

“मंग कलतं कसं?”

रोज पाणी तपासून, मी म्हटलं. आणि पट्ट्या बघून.

“कोन बगतं?”

“मी बघत होते.”

“आनि आता?”

आता दुसऱ्या विभागातले एक गृहस्थ आपलं काम सांभाळून, सवड मिळेल तशा बघतात, असं मी खरं ते सांगितलं. त्यात मला काही साधायचं नव्हतं. त्यांच्यावर टीकाही नव्हती, ते चांगले गृहस्थ होते.

सासूबाईंचा घास हातात राहिला. “सवड मिळंल तशा?” त्यांनी बहिणीकडे पाहिलं. “दुसऱ्यानं भिजत घातलेल्या वालांचं पानी कोन जीव लावून बदलतो गो?”

मावशी म्हणाली, कोणी नाही. आंबून जातात.

“आनि आत फुगायला लागलं की वरनं दिसत नाय.” हे त्या मला नव्हे, मावशीला समजावत होत्या. डबीची, झाकणाची, कोंडलेल्या पाण्याची सगळी गोष्ट त्यांनी तिला सांगितली, माझ्यापेक्षा कमी शब्दांत आणि कुठेही न चुकता. वाल फडक्यात बांधताना त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सोमवारी जा कामाला.”

मावशीने आठवण करून दिली, की अट तशी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, पैज मी जिंकले, आता जिंकणारीने काय करायचं ते हरणारीने किंवा पंचाने सांगू नये. मावशीने थोडा विचार केला आणि मला आणखी भात वाढला. पाचव्या मुद्द्यावर फुली मी परतीच्या गाडीत मारली. सिद्ध काहीच झालं नव्हतं, काम मात्र झालं होतं. निडीला सासूबाईंनी भेळ मागितली.

सोमवारी मी निघाले तेव्हा त्यांनी माझी दृष्ट काढली आणि मीठ सरळ मोरीत टाकलं. शेजारणीचं काय, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, तिचं ती बघेल, टाकीवर तिला जायचं नाही.

केंद्राच्या फाटकावर पिशवी तपासताना आतल्या कप्प्यात एक पुरचुंडी निघाली. जाडं मीठ होतं, आगराचं, मावशीच्या मडक्यातलं. रस्त्यात मला काही बाधू नये म्हणून दोघींनी मिळून बांधलेलं. टाकीच्या इमारतीत ते नेण्याचा प्रश्नच नव्हता. मी ते फाटकावरच्या खोलीत ठेवलं आणि वहीत त्या दिवसाची पहिली नोंद केली: ‘बाहेर जमा: डबा, छत्री, मीठ.’ मग हात कोपरापर्यंत दोनदा धुतले आणि पट्ट्या बघायला गेले.